पाच वाजेपर्यंतचा परवाना

बटाट्याच्या जुन्या कोठारापाशी आल्यावर रोसेर थांबला आणि म्हणाला, "मादाम, परत फिरूया."

निम्म्याहून जास्त रस्ता आम्ही चाललो होतो. दोन्ही बाजूंना कमरेइतका बर्फ, मधे जेमतेम दोन माणसं चालतील एवढी वाट. त्याच्या काखेत जाड टॉवेलात गुंडाळलेली चळत होती. त्यात प्लॉय होते, आपल्या घावनासारखे पण एकाच बाजूने भाजतात ते. पहाटे उठून त्याने आईच्या जुन्या तव्यावर केले होते.

मी म्हटलं, "परत नेऊन या प्लॉयचं काय करणार?"

"तू खा."

"एवढे? मी म्हैस आहे का?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. टोपी कपाळावरून मागे सारून तो नदीकडे बघत राहिला. नदी गोठून पांढरी झाली होती आणि तिच्या पलीकडे चढावर त्याच्या बहिणीचं, रिनेटचं घर दिसत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. त्या घरात त्याचा बाप होता. रोसेर सहा वर्षं त्या घराकडे असाच अलीकडून बघत होता.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"बरं, पुलापर्यंत तर चल. तिथे ठरव."

हे मी त्याला दर वळणावर सांगत आले होते. लहान मुलाला दवाखान्यात नेतात तसं.

आम्ही राहतो ते गाव मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला आहे. नदी हीच हद्द. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. बोली दोन्हीकडे एकच, तिथली फ्रेंच, आणि आडनावंही तीच. अर्ध्या गावाच्या सोयरिकी पलीकडे. या बोलीत सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, पाद्र्यालासुद्धा. जुन्या घरांतून फक्त आईबापांना 'तुम्ही'. माझे यजमान कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होते म्हणून मी मादाम झाले, पण मादामलाही तूच. आता मलाही त्याचं काही वाटत नाही. उलट कोणी 'तुम्ही' म्हणालं तर काही चुकलं का असं वाटतं.

रोसेर लिझोट माझा शेजारी. साठीला आलेला, आडव्या हाडाचा, हात फावड्यासारखे. पंचवीस वर्षं तो गावाची बर्फ लोटायची गाडी चालवत होता. त्या गाडीचं पातं रस्त्यावरचा बर्फ ढकलत जातं आणि प्रत्येकाच्या दारात ढीग टाकून जातं. जिथे म्हातारं माणूस एकटं राहतं त्या दारापाशी रोसेर पातं वळवून घ्यायचा. माझे यजमान गेले त्याच हिवाळ्यापासून माझ्याही दारात ढीग पडेनासा झाला. तो कधी बोलला नाही, मीही कधी विचारलं नाही. तीन बहिणी, दोन भाऊ, त्यात हा थोरला. बाप अल्बेनी लिझोट, बटाट्याची शेती करून म्हातारा झालेला, आणि दारूचा थेंब न शिवलेला माणूस. त्यांच्या स्वयंपाकघरात दारावर काळा लाकडी क्रूस असे. तशा क्रुसापुढे हात ठेवून दारू न पिण्याची शपथ घ्यायची त्या घराण्याची रीत. रोसेरने बाराव्या वर्षी घेतली होती.

सहा वर्षांपूर्वी एके दिवशी त्याने ती गाडी सोडली. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला. स्वतःचा ट्रकही चालवेना. डॉक्टरने चालायला सांगितलंय, असं सगळ्यांना सांगितलं. मी रोज सकाळी दिव्यापुढे हात जोडून नदीकाठाने चालायला जाते, तर तोही येऊ लागला. गावात त्याचं कौतुक झालं. बघा, या वयात केवढा शिस्तीचा. फादरने त्याला चर्च उबदार ठेवणारी तळघरातली भट्टी सांभाळायचं काम दिलं. रोसेर भट्टीवर नजर ठेवायचा, जिने झाडायचा, आणि सगळ्यांच्या स्तुतीला मान खाली घालायचा. आम्हाला तो नम्रपणा वाटे.

नाताळच्या आधी पंधरा दिवस, याच रस्त्यावर, त्याने मला खरं सांगितलं.

गाडी सोडण्याच्या थोडं आधी त्याचा जिवाभावाचा मित्र दक्षिणेला लुईस्टनमध्ये वारला होता. पुरून आल्यावर मित्रमंडळी क्लबात बसली. शपथ घेतलेल्या रोसेरने त्या दिवशी पहिल्यांदाच दारू घेतली असं नव्हे, तो म्हणाला, आधीही चोरून घ्यायचा, पण त्या दिवशी खूप घेतली. आणि ट्रक काढला. एका म्हातारीच्या अंगणात मेरीची मूर्ती होती, जुना न्हाणीचा टब उभा अर्धा पुरून त्याच्या कमानीत ठेवलेली, आमच्या लोकांत ठेवतात तशी. ट्रक सरळ तिच्यावर गेला. माणूस कोणी दुखावलं नाही. पोलीस आले तेव्हा तो अंगणात बसून मूर्तीचे तुकडे गोळा करत होता. म्हातारीने वर त्याला कॉफी दिली म्हणे. "ती ओरडली असती तर बरं झालं असतं," रोसेर मला म्हणाला.

कोर्टात शिक्षा झाली, लायसन्स गेलं. इथे कोणाला कळलं नाही. पुढच्याच नववर्षाच्या सकाळी तो भाच्याच्या गाडीत बसून पुलावर गेला, तर पलीकडच्या चौकीवर त्याचं नाव यंत्रात निघालं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा असलेल्याला कॅनडात प्रवेश नाही. अधिकारी बाई चांगली होती. तिने हळूच सांगितलं, महत्त्वाचं कारण असेल तर आत या, अर्ज करा, थोड्या वेळापुरता परवाना देता येतो, मात्र कारण मला सांगावं लागेल. रोसेरला तोंड उघडवेना. भाच्याला म्हणाला, मी भट्टी चालू ठेवून आलोय वाटतं, मला इथेच उतरव. आणि चालत घरी आला.

तेव्हापासून दर वर्षी भट्टी. नाताळला भट्टी, ईस्टरला भट्टी, भाचीच्या लग्नाला भट्टी. रिनेट फोनवर त्याला फाडून खायची. "एवढ्या मोठ्या चर्चला दुसरा भट्टीवाला मिळत नाही? पोपने नेमलंय का तुला?" म्हातारे अल्बेनी मात्र म्हणायचे, त्याला बोलू नकोस, तो देवाचं काम करतोय. आई गेल्यावर त्यांना रिनेटने कागदपत्रं करून पलीकडे आपल्याकडे नेलं होतं. तेव्हापासून त्यांचं अलीकडे येणंही थांबलं, पायच राहिले नव्हते.

यातली खरी गाठ मला नंतर कळली. या लोकांत नववर्षाच्या सकाळी बाप मुलांना आशीर्वाद देतो. आपण सणाला मोठ्यांच्या पाया पडतो तसंच, पण इथे आशीर्वाद मागावा लागतो, आणि मागायचा तो थोरल्याने. थोरला पुढे गुडघे टेकतो, बाकीचे त्याच्या मागे. तो म्हणतो, बाबा, आम्हाला आशीर्वाद द्या. मग बाप हात उचलतो. सहा वर्षं रोसेर गेला नाही आणि सहा वर्षं म्हाताऱ्याने कोणालाच आशीर्वाद दिला नव्हता. धाकटा भाऊ एकदा पुढे झाला तर म्हणाले, तू ऊठ, मागणारा येऊ दे.

आता डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. रिनेटने या वेळी फोनवर भांडणही केलं नाही. एवढंच म्हणाली, "उजवा हात अजून उचलतात. ये."

म्हणून आज, नववर्षाच्या सकाळी, आम्ही चाललो होतो. गाडीने का नाही, असं मी विचारलं होतं. "त्या पुलावर मी चाकावर जाणार नाही," तो म्हणाला. आणि मीच का, हेही विचारलं. तर म्हणाला, "तू इथली आहेस आणि नाहीसही. तुझ्यासमोर मेलो तरी चालेल."

पूल आला. मी मनात रामरक्षा म्हणत होते, मधे मधे ओळी चुकत होत्या. परत फिरूया असं रोसेर पुन्हा म्हणाला नाही.

पलीकडच्या चौकीत आम्हाला आत बसवलं. भिंतीला लागून खुर्च्या आणि समोर काऊंटर. आणि पहिल्याच खुर्चीत, केसाळ टोपी घालून, मांडीवर पिशवी घेऊन युगेत बसलेली. युगेत म्हणजे रिनेटची नणंद. पलीकडचे लोक आमच्याकडे पेट्रोल, दूध, चीज घ्यायला येतात, स्वस्त पडतं म्हणून. तिने चीज जरा जास्तच घेतलं होतं, त्याचा कर भरायला तिला आत बोलावलं होतं.

"रोसेर! देवा रे! भट्टी विझली का शेवटी?"

रोसेरने टोपी काढली आणि हातात चुरगळली.

"आणि मादामला घेऊन चालत? डोळे कसे आहेत आता? मला ओळखलंस ना? मी युगेत, ती जाड."

"ओळखलं," तो म्हणाला.

"चला, माझं चीज सुटलं की तिघंही माझ्या गाडीतून जाऊ. रिनेट रडेल बघ तुला पाहून. पण तुला कशाला बसवलंय इथे? तूही चीज आणलंस?"

तेवढ्यात काऊंटरवरच्या पोराने त्याला बोलावलं. पोरगा लांब पश्चिमेकडचा असावा, शाळेत शिकलेली फ्रेंच बोलत होता, प्रत्येक शब्द वेगळा. समोरच्या यंत्रात बघत होता, रोसेरच्या काखेतल्या टॉवेलाकडे बघत होता. आणि त्याने त्यांचा रोजचा प्रश्न विचारला.

"जाहीर करण्यासारखं काही आहे?"

इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की या प्रश्नाचं उत्तर दूध, चीज, तंबाखू असं द्यायचं. पण रोसेर सहा वर्षं मनात तेच एक वाक्य घोळवत आला होता. त्याने दोन्ही हात काऊंटरवर ठेवले, मान खाली घातली, आणि कबुलीच्या खोलीत पाद्र्यापुढे बोलतात तशा आवाजात सुरू झाला. फरक एवढाच की ती खोली लहान असते आणि तिला पडदा असतो.

तो म्हणाला, मी दारू प्यायलो. शपथ घेऊन प्यायलो, एकदा नाही. ट्रक चालवला. मेरीची मूर्ती फोडली. डोळ्यांना अंधारी येते हे खोटं होतं. डॉक्टरने चालायला सांगितलं हे खोटं होतं. भट्टी कधीच बिघडली नव्हती, ती भट्टी स्वयंचलित आहे, तिला माणूस लागतही नाही. माझा बाप समजतो मी देवाचं काम करतो.

पोरगा गडबडला. "मी... मी त्या टॉवेलाबद्दल विचारत होतो."

"हे प्लॉय आहेत," रोसेर म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी जमिनीकडे बघत होते. माझेच कान तापले होते. युगेतच्या पिशवीचा प्लास्टिकचा आवाज बंद झाला होता.

पोराने घसा साफ केला. म्हणाला, तुमच्यावर प्रवेशबंदी आहे हे दिसतंय. तात्पुरता परवाना देता येतो, पण तशी निकड असावी लागते. तुमचं कारण काय?

"आशीर्वाद."

"म्हणजे? वडील शेवटच्या अवस्थेत आहेत का?"

"नाही. तसं डॉक्टर म्हणत नाहीत."

"कुठला धार्मिक विधी आहे? चर्चचं पत्र?"

"चर्च नाही. बाप. हात डोक्यावर ठेवतात."

पोरगा प्रामाणिकपणे विचार करत होता. त्याला काही छळायचं नव्हतं. शेवटी म्हणाला, "फोनवर नाही का देता येणार?"

आणि मागून युगेत उठली.

"फोनवर? पोरा, तुझ्या आईने तुला फोनवर न्हाऊ घातलं का?" ती काऊंटरपाशी आली, पिशवीसकट. "मी सांगते तुला. तो म्हातारा माझ्या भावाच्या घरात राहतो. सहा वर्षं दर एक जानेवारीला आम्ही सगळे कपडे करून त्या खोलीत उभे राहतो आणि तो दाराकडे बघतो. मग म्हणतो, जेवायला बसा. आमचं सूप गार होतं दर वर्षी. याने मागितल्याशिवाय तो देत नाही आणि या वर्षी तो बहुतेक मरेल. लिही ते तुझ्या यंत्रात. निकड म्हणे."

पोरगा आत वरिष्ठांकडे गेला. आम्ही तिघं तशीच उभी राहिलो. युगेतने रोसेरकडे बघितलं. आता तिचा आवाज अगदी हळू झाला होता.

"डोळे चांगले आहेत तुझे?"

"हो."

"कधीच काही झालं नव्हतं?"

"नाही."

"आम्ही तुझ्या डोळ्यांसाठी नऊ दिवसांची प्रार्थना केली होती, रोसेर. रिनेटने आणि मी. गुडघ्यांवर बसून. माझे हे असले गुडघे."

त्याच्या मानेवर लाल पट्टे उठले होते, चटका बसल्यासारखे. युगेतने चीजचे पैसे टेकवले, पावती घेतली. दारापाशी थांबून म्हणाली, "गाडीत येताय का?"

"चालत येतो," रोसेर म्हणाला.

"मी रिनेटकडेच चाललेय जेवायला." एवढं बोलून ती गेली. धमकी नव्हती ती. मी काही सांगणार नाही असंही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तरी युगेतच्या पोटात ते पुलाच्या टोकापर्यंतसुद्धा राहिलं नसतं.

पुष्कळ वेळ बसलो. रोसेर समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत होता, किंवा वाचतोय असं दाखवत होता. शेवटी वरिष्ठ बाई बाहेर आली, केस पिकलेली, इथलीच. तिने रोसेरला नावाने हाक मारली, फी भरून घेतली आणि एक शिक्का मारलेला कागद दिला. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्याआधी स्वतः येऊन परत द्यायचा. "माझ्या वडिलांकडेही आशीर्वाद मागावा लागायचा," ती म्हणाली, आणि पुढची फाईल उघडली.

बाहेर आलो. मला वाटलं होतं तो हलका होईल. सहा वर्षांची बंदी उठली होती, दिवसापुरती का होईना. पण तो आधीपेक्षा हळू चालत होता. चढावर दोनदा थांबला. कागद खिशातून काढून पुन्हा वाचला, घडी घालून आत ठेवला.

रिनेटच्या अंगणात युगेतची गाडी उभी होती, तिच्या टपावरचा बर्फ अजून वितळला नव्हता, पण इंजिनावरचा वितळला होता. स्वयंपाकघरातून मांस शिजल्याचा, कांद्याचा वास येत होता. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. सणाच्या दिवशी त्या घरात दहा-बारा माणसं, आणि बोलणं नाही. खिडकीचा पडदा एका बाजूने जरा हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

रोसेर लाकडांच्या ढिगाला टेकून उभा राहिला.

"त्यांना कळलंय," तो म्हणाला.

"कळणारच होतं. तू स्वतः सांगायलाच आला होतास ना?"

"नाही," तो म्हणाला. "खरं सांगू? मी आशीर्वाद मागून, जेवून, पाचच्या आत परत जाणार होतो. सांगणार नव्हतो. चौकीवर एकदा सांगितलं की झालं, असं धरलं होतं मी. भट्टीसाठी या वर्षी माणूस मिळाला, असं म्हणणार होतो. वाक्यसुद्धा तयार केलं होतं."

मला त्याचा राग आला, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली, कारण एवढ्या थंडीत कोट उघडा टाकून तो काखेतली चळत सांभाळत होता. मी म्हटलं, "चल, जाऊ आत. बाप आहे तुझा."

"म्हणूनच," तो म्हणाला. "त्या बाईने कागद दिला. पण ती बाई कोण माझी? हे घर त्या क्रुसाचं आहे. अजून लावलाय त्यांनी दारावर, रिनेटने सांगितलंय. त्याच्या खालून जायचं आणि गुडघे टेकायचे, जसं काही झालंच नाही. मग ते हात उचलतील, कारण त्यांना वाटेल सगळ्यांसमोर मला परत पाठवणं बरं नाही. असा आशीर्वाद मला नको."

त्याने काखेतली चळत माझ्या हातात दिली. टॉवेल बाहेरून गारठला होता.

"मादाम, तू आत जा. हे रिनेटकडे दे, काकवीबरोबर गरम करायला सांग, त्यांना तसेच आवडतात. मग त्यांच्या खुर्चीपाशी जा, उजव्या बाजूने, डाव्या कानाने ऐकू येत नाही आता. त्यांना तुझ्या तोंडून सगळं सांग. युगेतने काय सांगितलंय ते सोड, ती अर्धं विसरते. सांग, रोसेर दारू प्यायला, शपथ मोडली, सहा वर्षं तुम्हाला फसवलं, आणि आता बाहेर लाकडांपाशी उभा आहे. पाच वाजेपर्यंत उभा राहील. आणि मग त्यांना विचार, तो आत आला तर चालेल का. नको म्हणाले तर मला तसंच येऊन सांग. गोड करून सांगू नकोस."